बाप हा बदली कामगार नव्हे



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून बाळाचा लंगोट कसा बदलावा यावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु काम कोण करतो, ते त्याला शिकविले कोणी, त्याच्या कष्टाची मोजदाद कोण ठेवतो, हे प्रश्न ज्याने तीस वर्षे कारखान्यांच्या दारात विचारले, त्याने तेच प्रश्न घराच्या दारात विचारू नयेत असा काही नियम नाही. तान्ह्या मुलाचे करणे हे काम आहे. ते चोवीस तासांचे आहे, त्याला साप्ताहिक सुटी नाही, आणि आपल्याकडे ते दोघांपैकी एकाच माणसाच्या माथी बसले आहे.

मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. मूल सांभाळणे ही हाताने शिकावयाची कारागिरी आहे. बाईला ती येते, कारण तिच्यावर ते काम पडते. बापाला ती येत नाही, कारण ते काम पुरतेपणी त्याच्या हाती कोणी देत नाही आणि तोही मागत नाही. हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचे सगळे सोपे आहे. कारण जे शिकता येते, ते पुरुषालाही शिकता येते.

ही रीत आली कोठून?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे जाते आणि मूल तीनचार महिन्यांचे झाल्यावर परत येते. या रिवाजात शहाणपण नाही असे मी म्हणणार नाही. सासरी ज्या सुनेला पोटभर झोप मिळावयाची नाही, तिला माहेरी ती मिळते. परंतु या रिवाजाचा एक परिणाम आपण कधी ध्यानात घेतला नाही. मूल सांभाळण्याची शाळा पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाप शाळेबाहेर असतो. तो बारशाला पाहुणा म्हणून जातो, मूल मांडीवर घेऊन फोटो काढून घेतो आणि रविवार संपला की कामावर परत येतो. मायलेकरे घरी येतात तेव्हा आईचा हात बसलेला असतो. बापाला टाळूला हात लावावयाचीही भीती वाटते. त्यात पूर्वी सोयराची भर होती. दहा दिवस बाळबाळंतिणीला शिवावयाचे नाही, म्हणजे बापाने उंबऱ्याबाहेरूनच डोकवावयाचे.

गिरणगावाची तऱ्हा याहून कठीण होती. कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईत आली ती बहुधा एकटी. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे सहाशे स्त्रियाही नव्हत्या. बायको गावी शेती आणि म्हातारी माणसे सांभाळीत असे; नवरा दहाबारा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राही आणि खाणावळीत जेवी. मूल झाल्याची वार्ता पोस्टकार्डाने यावयाची आणि त्याचे तोंड दिसावयाचे ते शिमग्याला किंवा गणपतीला. तोवर ते रांगू लागलेले असे, आणि या परक्या माणसाला पाहून भोकाड पसरी. त्या पिढीला मी दोष देत नाही. गिरणीला हात हवे होते. त्या हातांमागचे कुटुंब तिला नको होते. पण परिस्थितीने लादलेली गोष्ट दोनतीन पिढ्या टिकली की लोक तिलाच निसर्ग म्हणू लागतात.

जुन्या गिरणी कामगारांकडून ‘बदली’चा अर्थ मी समजून घेतला आहे. बदलीवाल्याने सकाळी कार्ड घेऊन दारावर उभे रहावयाचे. एखादा कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर तेवढ्या दिवसापुरते काम मिळावयाचे. बदलीवाला कामात कमी नसे, पण साचा त्याचा नसे. कोणता धोटा अडतो, कोणता पट्टा सैल आहे, हे कायमवाल्याला पाठ असे. बदलीवाला पाळी संपवून निघून जाई. आजचा बाप घरात असा बदलीवर आहे. आई आंघोळीला गेली की “जरा धरा हो”, आणि मूल रडू लागले की “घे ग तुझे”. मूल हसते-खेळते आहे तोवर बापाचे, रडले की आईचे!

हे केवळ माझे निरीक्षण नव्हे. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची देशभर पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची, म्हणजे मुलांची, आजाऱ्यांची, वृद्धांची देखभाल करतात असे तीत दिसले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. आणि जे देखभाल करतात त्यांच्यात स्त्रीचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर पुरुषाचा ७४. म्हणजे करणारे पुरुष संख्येने निम्मे, आणि ते करतात त्याचा वेळही निम्मा.

निसर्ग की सवय?

यावर कोणी म्हणेल, “अहो, आईला ते आपोआप येते.” ज्याने पहिलटकरणीला जवळून पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. पहिल्या रात्री तीही घाबरलेली असते. मूल छातीशी कसे धरावे, मान कशी सावरावी, हे तिला तिची आई, सुईण किंवा इस्पितळातील परिचारिका दाखविते. ती चुकते, पुन्हा करते, आणि पंधरा दिवसांत तिचा हात बसतो. निसर्गाने तिला एक गोष्ट दिली आहे जी बापाला कधीच यावयाची नाही, ती म्हणजे दूध. तेवढे सोडले तर पुसणे, धुणे, गुंडाळणे, ढेकर काढणे, निजविणे यांतले एकही काम असे नाही की ज्याला दोन हात आणि थोडी चिकाटी यांपलीकडे काही लागते.

शिकून काय होऊ शकते याचे मोठे उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तेथील खेड्यांतल्या थोड्याशा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची निगा शिकविली. बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसे करावे, श्वास कसे मोजावेत, धोक्याची खूण कशी ओळखावी हे त्या शिकल्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज ‘आशा’ ताई घरोघरी जाऊन बाळाला पाहतात त्या पद्धतीचे मूळ या कामात आहे. पण ताई घरी आली की बाप चप्पल घालून बाहेर पडतो. त्याने तेथे बसावे, ती काय पाहते ते पहावे. एवढी चांगली शाळा त्याला दुसरीकडे फुकट मिळावयाची नाही.

पुरुषाचे उदाहरण हवे असेल तर महात्मा गांधींचे घ्या. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी डॉ. त्रिभुवनदास यांचे आयांसाठी लिहिलेले गुजराती पुस्तक अभ्यासले, आणि तेथे जन्मलेल्या दोन्ही मुलांची तान्हेपणीची निगा स्वतः राखली. मदतीला ठेवलेली बाई मुख्यतः कस्तुरबांसाठी होती. १९०० साली धाकट्या देवदासच्या जन्माच्या वेळी डॉक्टर आणि सुईण वेळेवर मिळण्यासारखे नव्हते, तेव्हा बाळंतपणही त्यांनीच निभावले. हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांची सगळी मते मानलीच पाहिजेत असे नाही. पण आयांसाठी लिहिलेले पुस्तक एका बॅरिस्टरने वाचले आणि त्याप्रमाणे हात चालविला, ही गोष्ट आम्हां शाळाबाहेर शिकलेल्या माणसांना फार धीर देणारी आहे.

शास्त्रज्ञांचेही याला अनुमोदन आहे. फिलिपाईन्समधील सेबू शहरातील सहाशेंहून अधिक तरुणांची काही वर्षांच्या अंतराने दोनदा रक्ततपासणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. जे तरुण मधल्या काळात बाप झाले, त्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाकीच्यांपेक्षा अधिक उतरले होते. जे बाप दिवसाला तीन तास किंवा त्याहून अधिक मुलांचे करीत, त्यांच्यात ते आणखी कमी आढळले. बापाचे शरीरदेखील मुलाच्या सहवासात मुलासाठी तयार होते, असा याचा अर्थ मी घेतो. कोणी यावरून पुरुषत्व कमी होते म्हणून भिऊ नये. चिडखोरपणा थोडा कमी झाला तर घराचे कल्याणच आहे.

लंगोटाचे शास्त्र

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लंगोट बदलण्यापूर्वी सगळे सामान हाताशी घ्यावे : कोरडा लंगोट, दुपटे, मेणकापड, कोमट पाणी आणि मऊ सुती फडके. कामावरून आलेल्या माणसाने आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. तंबाखू किंवा मशेरीचा हात बाळाला लावू नये. पहिला नियम असा की बाळ खाटेवर किंवा मेजावर असेल तर एक हात सदैव त्याच्या अंगावर असावा. आज न वळणारे मूल उद्या वळते आणि ते तुम्हांला आधी कळवीत नाही. खाली गोधडी घालून जमिनीवर बदलणे सर्वांत सुरक्षित.

दोन्ही घोट्यांच्या मध्ये आपले एक बोट घालून पाय हलकेच वर घ्यावेत, ओढू नयेत. पुसताना पुढून मागे पुसावे. मुलीच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे, नाहीतर शीची घाण लघवीच्या जागी जाऊन आजार होतो. घड्यांमधून पाणी राहू देऊ नये. थोडा वेळ उघडे ठेवून अंग वाळू द्यावे. पावडर उडवू नये, ती बाळाच्या श्वासात जाते. अंग लाल झाले असेल तर खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो. नाळ पडेपर्यंत लंगोट तिच्या खाली बांधावा आणि नाळेवर हळद, राख, तेल काहीही लावू नये. ती कोरडी ठेवली की आठपंधरा दिवसांत आपोआप गळते. गाठ इतकी सैल असावी की आत दोन बोटे सहज जावीत. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नयेत. गुडघे वाकलेले आणि मोकळे राहिले म्हणजे खुब्याचे सांधे नीट वाढतात.

लंगोट बदलणारा माणूस घरातला पहिला वैद्य असतो. पहिले दोन दिवस शी काळपट हिरवी आणि चिकट असते. चारपाच दिवसांत ती पिवळी होते. पहिल्या आठवड्यानंतर अंगावर पिणारे बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला करीत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. “दूध पुरत नाही” म्हणून सुनेला घालून पाडून बोलणाऱ्या घरात बापाने हा हिशेब सांगावा, पुष्कळ भांडणे मिटतील. शी पांढुरकी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, बाळ पिईनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, ते मलूल पडले, आकडी आली, किंवा मिनिटाला साठाहून अधिक श्वास घेऊ लागले, तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे. हे सर्व ज्याच्या डोळ्यांसमोरून रोज जाते त्याच्याच लक्षात येते. बदलीवाल्याच्या येत नाही.

बाजारचे डायपर आता शहरात सर्रास वापरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्रीच्या झोपेला आणि प्रवासाला ते उपयोगी पडतात. तीनचार तासांनी आणि शी झाली की लगेच बदलावे, एवढे पाळावे. पण कामगार संघटनेचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. तुम्ही टाकलेला डायपर पुढे कोणाच्या तरी हातात पडतो. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा वेगळा करणाऱ्या या बहुतांशी स्त्रिया आहेत. उघडे डायपर आणि पॅड हातांनी निवडावे लागू नयेत म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, असे आवाहन तेथे नागरिकांना करण्यात आले. डायपर गुंडाळणे आणि ठिपका काढणे हे बापाने आपल्याकडे घ्यावे. आपल्या मुलाची घाण दुसऱ्याच्या आईच्या हाताला लागू नये, हे मुलाला पुढे शिकविण्याची ही सुरुवात आहे. आणि कापडी लंगोट वापरीत असाल तर ते धुऊन उन्हात वाळत घालणे हेही त्याच कामात येते. चाळीच्या गॅलरीत पुरुष लंगोट वाळत घालताना दिसला तर चार दिवस लोक हसतात. पाचव्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळतो.

रडणे आणि निजविणे

बापाची खरी परीक्षा रडण्यात असते. तो कासावीस होतो, मग चिडतो, आणि मूल आईकडे देऊन टाकतो. म्हणून रडण्याविषयी दोन गोष्टी त्याला आधीच ठाऊक असाव्यात. अमेरिकेतील डॉ. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाला पावणेतीन तासांच्या घरात पोहोचते, आणि मग हळूहळू उतरते, असे त्यांना दिसले. त्यातही संध्याकाळी जास्त. म्हणजे बाप कामावरून दमून येतो नेमकी तीच वेळ! हे पोर आपल्यालाच पाहून रडते असा त्याचा समज होतो. तसे काही नसते. त्याचे ते वयच असते. तीनचार महिन्यांत हा घाट उतरतो.

दुसरी गोष्ट अशी की रडणे ही बाळाची तक्रार आहे, आणि तक्रार नीट ऐकून घेतली पाहिजे. भूक लागली आहे का, लंगोट ओला आहे का, उकडते किंवा थंडी वाजते का, ढेकर अडली आहे का, झोप आली आहे का, या क्रमाने एकेक पहावे. सगळे ठीक असूनही रडत असेल तर त्याला फक्त माणूस हवे आहे, आणि माणूस तुम्हीही आहात. शर्ट काढून बाळाला छातीशी उभे धरावे, मान एका हाताने सावरावी, वर दुपटे घ्यावे. १९७८ साली कोलंबियातील बोगोता शहरात कमी वजनाच्या बाळांना असे उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत सुरू झाली. ती आता जगभर मान्य आहे आणि बापाची छातीही तिला चालते.

मग चालावे. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली दाखविले की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सारखे, न थांबता चालले की ते शांत होते आणि पुष्कळदा झोपते. पण लगेच खाली ठेवले तर जागे होते. म्हणून ते झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मगच ठेवावे. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते, त्यांनी फक्त घड्याळ लावले नव्हते. चालताना तोंडाने हळू काहीतरी म्हणावे. अंगाई येत नसेल तर अभंग म्हणावा. तोही येत नसेल तर मोर्च्यातील घोषणा सावकाश म्हणाव्यात. बाळ मागण्या तपासत नाही, आवाजाचा संथपणा ऐकते.

बाळाला पाठीवरच निजवावे, सपाट आणि टणक अंथरुणावर. तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. दारू घेतलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. कितीही राग आला तरी बाळाला गदागदा हलवू नका. त्याची मान कोवळी असते आणि हलविल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावते किंवा जन्माचे अपंग होते. सहन होईनासे झाले तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवावे, दाराबाहेर जाऊन दहा मिनिटे उभे रहावे, पाणी प्यावे आणि परत यावे. दहा मिनिटे रडल्याने मूल मरत नाही.

‘मदत’ हा शब्द

चांगले बाप हल्ली अभिमानाने सांगतात, “मी बायकोला मदत करतो.” हा शब्द मला खटकतो. मदत ही दुसऱ्याच्या कामाला करतात. मूल दोघांचे असेल तर काम दोघांचे, आणि मग वाटणी करावयाची ती पाळ्यांची. रात्री दूध आईच पाजणार; पण बाळ उचलून तिच्याकडे देणे, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजविणे हे बापाने केले तर आईचे जागरण पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांचे होते. संध्याकाळचे दोन तास बापाचे. त्या वेळात आईने झोपावे, न्हावे, शेजारी जाऊन बसावे. आणि बापाने “हे कुठे आहे, ते कुठे आहे” असे विचारीत तिच्या मागे फिरू नये. जो दर वेळी विचारतो तो काम करीत नाही, फक्त हात उसने देतो. बाळाच्या जन्माच्या वेळचे डोस, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी, हे कार्डही बापाच्या खिशात असावे.

आईनेही येथे एक करावयाचे आहे. बापाने बांधलेला लंगोट वाकडा दिसला म्हणून तो सोडून पुन्हा बांधू नये. नवशिक्याच्या हातून काम काढून घेतले तर तो कधीच शिकत नाही, हे कोणताही जॉबर सांगेल. लंगोट वाकडा असला तरी गळत नाही तोवर चालतो.

हे सगळे बाईवर उपकार म्हणून सांगत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस अनेकींना उगाच रडू येते; ते दोन आठवड्यांत सरते. पण पुष्कळ जणींचे मन त्यानंतरही खचलेले राहते. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. तिचे ते गप्प होणे, न जेवणे, मुलाकडे न पाहणे, हे जो घरात असूनही पाहुणा आहे त्याच्या ध्यानात येत नाही. जो तिच्याबरोबर रात्री उठतो त्याच्या येते.

वेळ कोण देणार?

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. हात शिकण्यास वेळ लागतो, आणि कामगाराचा वेळ विकलेला असतो. बाळंतपणाची भरपगारी रजा स्त्रियांनाही कोणी सुखासुखी दिली नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले, ते संमत झाले नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ साली सगळ्या देशासाठी झाला. २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवली आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही त्यात आहे. बापाने एकदा तरी पाळणाघरात डोकवावे हे कायद्याच्या स्वप्नातही आलेले नाही.

बापाला रजा मिळते ती केंद्र सरकारी नोकराला : १९९७ पासून पंधरा दिवस, पहिल्या दोन मुलांपर्यंत. खाजगी कारखान्यांत मालकाच्या मर्जीवर किंवा युनियनच्या जोरावर. आमच्या भागातील एका कारखान्याच्या वाटाघाटीत आम्ही बापासाठी आठ दिवसांची रजा मागितली, तेव्हा मेजापलीकडचे अधिकारी हसले. त्याचे मला दुःख नाही. ते त्यांचे कामच आहे. मला लागले ते हे की मेजाच्या आमच्या बाजूचे दोघे तिघेही हसले. जी मागणी मागणाऱ्यालाच हसू आणते ती कधी पदरात पडत नाही.

बाहेरच्या देशांचा एक धडा येथे उपयोगी आहे. स्वीडनने १९७४ सालीच मुलासाठीची रजा आईबाप दोघांना खुली केली, पण बाप ती आईलाच देऊन टाकीत. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे फक्त बापाचे म्हणून राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडत. काही वर्षांतच तेथे बहुसंख्य बाप रजा घेऊ लागले, आणि १९९५ साली स्वीडननेही एक महिना तसाच राखून ठेवला. “वाटल्यास घ्या” म्हटले की पुरुषाला लाज वाटते. “ही तुमचीच, न घेतली तर बुडेल” म्हटले की कोणी नको म्हणत नाही. आपली मागणीही अशीच असली पाहिजे : बापाच्या नावाची, भरपगारी, दुसऱ्याला न देता येणारी, आणि पहिल्या सहा महिन्यांत केव्हाही घेता येणारी, म्हणजे बाळंतपण माहेरी झाले तरी मायलेकरे घरी आल्यावर ती वापरता येईल.

यावर कोणी विचारील, “नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला रजा कोण देणार? त्याची एक दिवसाची खाडा म्हणजे एक दिवसाची चूल.” प्रश्न खरा आहे. देशातील बहुतेक बाप असेच आहेत. त्यांच्यासाठी बांधकाम कामगार मंडळासारख्या कल्याण मंडळांतून बापाच्या खाड्यांची भरपाई मिळावी, यासाठी संघटनांनी झगडले पाहिजे. पण तोवर त्याच्याजवळही संध्याकाळचे दोन तास आहेत. ते नाक्यावरच्या टपरीवर जातात की बाळाबरोबर, हे ठरविण्यास कोणत्याही मंडळाचा ठराव लागत नाही.

आजी घरात असेल तर तिला बाजूला सारू नये. तीच या शाळेतील मुख्य बाई. फक्त तिने सुनेबरोबर मुलालाही शिकवावे, आणि “तू कशाला करतोस रे, आम्ही आहोत ना” असे म्हणून त्याला वर्गाबाहेर काढू नये. आणि तिच्या जुन्या सांगण्यापैकी काही गोष्टी आता सोडाव्यात : डोळ्यांत काजळ नको, वर्षाच्या आत मध नको, सहा महिने दुधाखेरीज गुटी किंवा पाणीही नको. सुनेने सांगितले तर तिला उलट बोलणे वाटते. मुलाने सांगितले तर ती ऐकते. हेही बापाचेच काम आहे.

गिरणीत बदलीवाल्यांनी वर्षानुवर्षे एकच मागणी केली, ‘आम्हांला कायम करा’. त्यांना मालकाची सही लागत होती. घरातल्या बापाला कोणाचीही सही लागत नाही. त्याने बाळाजवळ बसावे, पहिला लंगोट वाकडा बांधावा, दुसरा बरा बांधावा, आणि मूल रडू लागले म्हणजे ते आईकडे न देता स्वतःच उठून चालू लागावे. महिन्याभरात तो कायम होईल, आणि हे त्याच्या आधी त्या मुलाला कळेल.